टोमॅटोला आधार : शाळेच्या परसबागेतील एक पाठ

अनेक प्राथमिक शाळांच्या आवारात, पाण्याच्या टाकीलगत किंवा पोषण आहार शिजविण्याच्या खोलीमागे, थोडी मोकळी जमीन असते. तेथे परसबाग करावी असे आपणांस वेळोवेळी सुचविले जाते, आणि शिक्षकही हौसेने मेथी, पालक, कोथिंबीर लावतात. टोमॅटोही लावले जातात. परंतु त्यांची निराशा पदरी येण्याचा संभव अधिक असतो. रोपे जोमाने वाढतात, फुलतात, फळेही धरतात. मग भाराने झाड जमिनीवर लोळते, मातीला टेकलेली फळे सडतात, उरलेली अळी पोखरते आणि मुलांच्या हाती फारसे काही पडत नाही. अशा वेळी बियाण्याला किंवा जमिनीला दोष दिला जातो. वास्तविक पुष्कळदा एकच गोष्ट राहून गेलेली असते : झाडाला आधार दिलेला नसतो, किंवा दिला तो उशिरा दिलेला असतो. हा आधार केव्हा, कशाचा आणि कसा द्यावा, आणि ते काम करता करता मुलांना काय शिकविता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. झाडाचा स्वभाव

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मेक्सिकोत त्याची लागवड रुजली, सोळाव्या शतकात तो स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेला आणि पोर्तुगीजांच्या मार्गाने आपल्या देशात आला, असे मानले जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो वांग्याच्या कुळातील. मिरची, बटाटा आणि तंबाखू हे त्याचे भाऊबंद. ज्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या वांग्याचे फूल आणि टोमॅटोचे फूल मुलांपुढे शेजारी ठेवावे. पाकळ्यांची ठेवण आणि मधला पिवळा शंकू पाहून नाते त्यांच्या आपोआप ध्यानात येईल.

आता दुसरे निरीक्षण. गिलके, दोडके, कारले यांच्या वेलाला बारीक तणावे असतात. ते काठीला विळखा घालतात आणि वेल आपल्या बळावर वर चढतो. टोमॅटोच्या झाडावर असा तणावा शोधून काढण्यास मुलांना सांगावे. तो सापडणार नाही. टोमॅटोचे खोड जमिनीवर पसरते, आणि ओल्या मातीला टेकते तेथे त्याला नवी मुळे फुटतात. म्हणजे लोळणे हा त्या झाडाचा रोग नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. झाडाला आधाराची गरज नाही. स्वच्छ, निरोगी फळ हवे असलेल्या माणसाला ती आहे. हा भेद समजला म्हणजे पुढची सर्व कृती समजते. आधार देण्याचा हेतू तीन प्रकारचा : फळ मातीपासून दूर ठेवणे, पानांतून वारा खेळता ठेवणे आणि झाडाची प्रत्येक बाजू डोळ्यांखाली राहील असे करणे.

झाडाला तणावे नसल्यामुळे नुसती काठी रोवून भागत नाही. दर आठवड्याला ते बांधावे लागते. म्हणून हा पाठ एका तासाचा नसून तीन-चार महिन्यांचा आहे.

२. हंगाम आणि रोपे

खानदेशात हंगामाची निवड फार महत्त्वाची आहे. दिवसाचे उष्णतामान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २२ अंशांच्या वर राहू लागले की टोमॅटोचे परागकण दुबळे होतात व फुले गळतात. ३० अंशांच्या वर फळातील लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, आणि फळ पिवळसर राहते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हे आपण जाणतोच. म्हणून शाळेने उन्हाळी टोमॅटोच्या नादी लागू नये. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत बी टाकावे, २५ ते ३० दिवसांनी रोपे लावावीत. लावणीपासून सुमारे महिन्याने फुले येतात आणि सत्तर दिवसांच्या सुमारास पहिली फळे पिकतात. म्हणजे फळांचा बहर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात येतो. तेव्हा हवा थंड असते, विहिरींना पाणी असते आणि शाळाही भरलेली असते.

शाळेपुरते बी पेरण्यास मोठा गादीवाफा नको. नारळाच्या करवंट्या किंवा कागदी पेले, तळाला भोक पाडून, चाळलेली माती आणि कुजलेले शेणखत निम्मे-निम्मे भरून घ्यावेत. बी सुमारे एक सेंटिमीटर खोल टाकावे व झारीने पाणी द्यावे. सहा ते दहा दिवसांत उगवण होते. पाणी जास्त झाल्यास कोवळी रोपे बुडाशी सडून कोलमडतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. कारण मुलांचा ओढा अधिक पाणी घालण्याकडे असतो. करवंट्यांवर बारीक जाळी घालावी. कापसावर येणारी पांढरी माशी टोमॅटोवरही येते आणि पाने आत वळवून झाड खुजे करणाऱ्या विषाणूचा प्रसार करते. सभोवार कापूस असलेल्या गावात ही जाळी विसरू नये.

बियाणे शक्यतो सुधारित सरळ वाणाचे घ्यावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री व भाग्यश्री किंवा दिल्लीच्या संस्थेचा पुसा रुबी हे असे वाण आहेत. सरळ वाणाचे बी पुढील वर्षासाठी शाळेतच राखता येते. संकरित वाणाच्या बियांपासून आईबापांसारखी झाडे येत नाहीत. वाण ठरावीक उंचीला वाढ थांबणारा आहे की अखंड वाढणारा, हे बी घेतानाच विचारावे. पहिल्याला कमरेएवढा आधार पुरतो. दुसऱ्याला पुरुषभर उंच लागतो.

३. वाफा व लावणी

३ मीटर लांब व २ मीटर रुंद एवढी जागा एका वर्गास पुरे. तीत दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून तेथे वरंब्यावरच लावणी करावी. साक्रीच्या पश्चिम भागासारख्या हलक्या, मुरमाड जमिनीत खत थोडे अधिक घालावे व पाण्याच्या पाळ्या जवळजवळ ठेवाव्यात.

दोन ओळींत ९० सेंटिमीटर व दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. ओळीच्या टोकापासून १५ सेंटिमीटर सोडून पहिले रोप लावल्यास ३ मीटरच्या ओळीत ७ रोपे बसतात. दोन ओळींत १४. हे उत्तर आपण सांगू नये. सुतळीला गाठी मारून मुलांनी ते जमिनीवर काढावे. भागाकाराने ६ येतात आणि प्रत्यक्षात ७ कशी बसतात, या प्रश्नावर चौथीच्या वर्गात चांगली चर्चा होते.

लावणी दुपारचे ऊन उतरल्यावर करावी. रोप खालच्या पानांपर्यंत खोल लावले तरी चालते. मातीआड गेलेल्या खोडाला मुळे फुटतात व रोप बळकट होते.

४. आधार देणे

लावणीनंतर पंधरा ते वीस दिवसांत, रोप वीतभर-दीड वीत उंचीचे असतानाच, आधार उभा करावा. उशीर केल्यास पसरलेली मुळे काठी रोवताना तुटतात, आणि आडवे झालेले खोड उभे करताना मोडते. काठी खोडापासून चार बोटे दूर रोवावी.

(अ) एकेरी काठी. ठेंगण्या वाणांस ही पद्धत पुरते. दीड मीटर लांबीची काठी प्रत्येक रोपाशी रोवावी. सातपुड्याच्या पायथ्याशी बांबू सहज मिळतो. इतरत्र तुराट्या चालतात, एकेक बारीक असल्यास दोन-दोन एकत्र बांधाव्यात. पऱ्हाट्या वापरण्याविषयी मात्र सावध असावे. वाळक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते, म्हणून हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या साठवू नयेत असा कृषी खात्याचा सल्ला असतो. वापरावयाचीच झाल्यास एकही बोंड नसलेली, खडखडीत वाळलेली पऱ्हाटी घ्यावी. काठीचे जमिनीत जाणारे टोक विस्तवावर किंचित काळवंडून घेतल्यास वाळवी लवकर लागत नाही. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

(आ) तारांचा ताटवा. उंच वाणांसाठी हा उत्तम. पुणे जिल्ह्यातील जुन्नर-नारायणगाव आणि नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत या भागांत शेतकरी बांबू, तार व सुतळी यांवर टोमॅटो उभा वाढवितात. त्याचीच ही लहान आवृत्ती. प्रत्येक ओळीच्या दोन टोकांस व मध्ये एक असे २ मीटर १० सेंटिमीटर लांबीचे तीन बांबू ४५ सेंटिमीटर खोल गाडावेत. जमिनीपासून ४५, ९० व १३५ सेंटिमीटर उंचीवर तीन तारा ताणाव्यात. एका ओळीस ९ मीटर, दोन ओळींस १८ मीटर, आणि गाठींसाठी थोडी अधिक अशी तार लागते. काळी जमीन ओली असता फुगते व वाळली की भेगाळते, त्यामुळे टोकाचे बांबू हळूहळू आत झुकतात. म्हणून प्रत्येक टोकाच्या बांबूला बाहेरच्या बाजूने खुंटीस ताण बांधावा. ही खबरदारी न घेतल्यास फळांनी लगडलेला ताटवा ऐन जानेवारीत खाली येतो.

(इ) बांधणी. बांधण्यासाठी सुतळी, जुन्या सुती कापडाच्या चिंध्या किंवा केळीच्या वाळलेल्या सोपटाच्या पट्ट्या घ्याव्यात. रावेर-यावलकडे सोपट फुकट मिळते. भिजवून घेतल्यास ते मऊ होते व खोडाला कापत नाही. उघड्या तारेने किंवा नायलॉनच्या बारीक दोऱ्याने झाड कधीही बांधू नये. फास इंग्रजी आठाच्या आकृतीचा असावा, मराठी ८ चा नव्हे. एक कडे काठीभोवती, दुसरे खोडाभोवती आणि मध्ये तिढा. खोडाभोवतीचे कडे इतके सैल असावे की त्यात मुलाची करंगळी सहज शिरेल. कारण खोड पुढे जाड होते. बांधणी पानाच्या देठाखाली करावी, फुलांच्या झुपक्याखाली करू नये. भार आल्यावर फास वर सरकून झुपका मोडतो.

५. बगलफुटी, पाने आणि पाणी

पान व खोड यांच्या बेचक्यातून जी नवी फूट येते तिला बगलफूट म्हणतात. उंच वाणाच्या बगलफुटी करंगळीएवढ्या असतानाच सकाळी बोटांनी खुडाव्यात. मात्र पहिल्या फुलझुपक्याच्या लगेच खालची फूट राखावी. म्हणजे झाड दोन खोडांचे होते. थंड देशांत एकच खोड ठेवून खालची सारी पाने काढण्याची रीत आहे. आपल्याकडे ती जशीच्या तशी उचलू नये. खानदेशच्या उन्हात उघडे पडलेले फळ भाजते व त्यावर पांढरा डाग पडतो. पाने ही फळांची सावली होय. केवळ मातीला टेकणारी व रोगट पाने काढावीत. ठेंगण्या वाणाच्या बगलफुटी काढूच नयेत, अन्यथा फळेच कमी येतील.

पाणी थोडे पण नियमित असावे. आठवडाभर कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात. ओलीत असा चढउतार होत राहिला तर चुनखाद्य, म्हणजे कॅल्शियम, फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही व फळाचे बूड काळे पडते. अनेक शिक्षक यास रोग समजून औषध शोधतात. औषध नियमित पाणी हेच. पाणी बुडाशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. ओल्या पानांवर करपा वाढतो. बुडाशी वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घातल्यास ओल टिकते. केळीच्या बागेतून काढून टाकलेली ठिबकाची जुनी नळी मिळाल्यास तिचाही उपयोग होतो.

६. कीड आणि विषाचा प्रश्न

टोमॅटोचे फळ पोखरणारी अळी कापसावरील हिरवी बोंडअळीच होय. तीच तुरीवर व हरभऱ्यावर येते, तेव्हा तिला घाटेअळी म्हणतात. निरनिराळ्या पिकांवर निरनिराळ्या नावांनी वावरणारी ही एकच अळी मुलांना दाखविण्यासारखी आहे. तिच्यासाठी वाफ्याच्या कडेने झेंडू लावावा. झेंडूची रोपे टोमॅटोच्या रोपांपेक्षा पंधरा-वीस दिवस मोठी असावीत, म्हणजे दोन्ही एकाच सुमारास फुलतात आणि पतंग आपली अंडी झेंडूकडे वळून घालतो. रोज सकाळी दोन मुलांनी झाडे पाहावीत व सापडलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. आधार दिलेल्या झाडावर हे काम पाच मिनिटांचे असते. लोळलेल्या झाडावर ते अशक्यच. आवश्यकता वाटल्यास ५०० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून, १० लिटर पाण्यात अर्क करावा व सायंकाळी फवारावा.

रासायनिक विषारी औषध शाळेच्या बागेत कोणत्याही कारणाने आणू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषधे फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आपली मुले अशाच कापसाच्या मुलखात वाढतात. औषधाचे डबे व पंप त्यांनी घरी पाहिलेले असतात, आणि त्या डब्यांचे भय त्यांस उरत नाही. म्हणून रिकामी झालेली औषधाची बाटली झारी म्हणून कोणी आणल्यास ती तत्काळ बाजूला ठेवावी, आणि तसे का केले हे साऱ्या वर्गाला समजावून सांगावे. मुलाने घरी जाऊन तेवढी एक गोष्ट सांगितली, तरी या पाठाचे सार्थक झाले. एखादे झाड अळीने गेले तर जाऊ द्यावे. मुलाच्या ताटात जाणाऱ्या फळावर विष नको.

७. वर्गातील अभ्यास

तिसरी-चौथीच्या मुलांनी आपापल्या झाडाची उंची दर सोमवारी मोजून फळ्यावर लिहावी. दोन आठवड्यांतील फरक काढावा. पाचवी ते सातवीने त्याचा आलेख काढावा. थंडी कडाक्याची पडली त्या आठवड्यात आलेख का सपाट झाला, हा प्रश्न त्यातूनच निघेल. चौदा झाडांपैकी दोन झाडे मुद्दाम आधाराविना सोडावीत. जानेवारीत दोन्ही प्रकारच्या झाडांवरील चांगली व सडकी फळे मोजून तुलना करावी. पुस्तकातील दहा वाक्यांनी जे पटत नाही ते या दोन झाडांनी पटते.

कामाची वाटणी करताना मुलींनी पाणी आणावे व मुलांनी खणावे, अशी रूढी शाळेत चालू देऊ नये. पाळी बदलती ठेवावी. वाचनात मागे असलेला विद्यार्थी गाठ मारण्यात अथवा कीड ओळखण्यात पुष्कळदा सर्वांच्या पुढे असतो. त्याला त्या दिवशी इतरांस शिकवू द्यावे.

८. दिवाळीची सुटी

शाळेच्या टोमॅटोला खरा धोका अळीपेक्षा दिवाळीच्या सुटीचा असतो. लावणी होऊन तीन ते सहा आठवडे झालेले असतात, नेमकी बांधणीची वेळ असते आणि शाळेला कुलूप लागते. म्हणून सुटीपूर्वीच आधार उभा झाला पाहिजे, पहिली बांधणी झाली पाहिजे व आच्छादन घातले गेले पाहिजे. सुटीतील पाण्याचे पाळीपत्रक तयार करून शाळेजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी पालकांच्या संमतीने द्यावे. प्रत्येक दिवशी दोन नावे असावीत, म्हणजे एक कुटुंब गावाला गेले तरी झाड तहानलेले राहत नाही. आवाराची किल्ली कोणाकडे राहील, हेही आधी ठरवावे.

९. ताट आणि बी

पीक किती यावे ? झाडामागे दीड किलो धरले तरी चौदा झाडांचे २१ किलो होतात. प्राथमिक वर्गातील मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी, या पोषण आहाराच्या मापाने ६० मुलांच्या शाळेस दिवसाला ३ किलो भाजी लागते. म्हणजे हे सारे पीक सात दिवसांची भाजी. हा हिशेब मुलांसमोर प्रामाणिकपणे मांडावा. परसबाग शाळेचे पोट भरील असे कोणी समजू नये. परंतु आठवड्यातून दोनदा खिचडीबरोबर ताज्या टोमॅटोची कोशिंबीर मिळाली, तर तिच्यातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. शिवाय जुलै २०२३ मध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांहून महाग झाला होता, तर इतर वेळी भाव कोसळून शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतल्याचेही आपण पाहिले आहे. बाजाराचा हा झोका ज्यांच्या घराला बसतो, त्या मुलांना दारातील चार झाडांचे मोल सांगावे लागत नाही.

शेवटी, सर्वांत निरोगी झाडावरील दोन-तीन फळे पूर्ण पिकू द्यावीत. त्यांचा गर बियांसह भांड्यात एक-दोन दिवस आंबवावा, बी स्वच्छ धुवावे, सावलीत वाळवावे आणि वाण व वर्ष लिहून पुडीत ठेवावे. प्रत्येक विद्यार्थ्यास दहा बिया व सोपटाची एक पट्टी घरी न्यावयास द्यावी. फास कसा घालावयाचा हे त्याच्या हाताला ठाऊक झालेलेच असते.

ज्या शाळा हा प्रयोग करतील त्यांनी लावणीची तारीख, आधाराचा प्रकार, पहिल्या तोडणीची तारीख व आधाराच्या आणि बिनआधाराच्या झाडांवरील चांगल्या-सडक्या फळांची संख्या, एवढ्या चार नोंदी ठेवाव्यात व फेब्रुवारीत केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडाव्यात. काळ्या जमिनीच्या आणि मुरमाड जमिनीच्या गावांचे अनुभव शेजारी ठेवून पाहिले म्हणजे पुढील वर्षीची लावणी कोणी कशी करावी, हे आपले आपणच ठरवू शकू.